आजीला कळवायचं नाही

शेवगावात आणि आसपासच्या वीस-पंचवीस खेड्यांत माझ्या आजीला न कळवता मरायची कुणाची छाती नव्हती. तिरडीचे बांबू आणायला टेम्पो निघायच्या आत आजी त्या दारात हजर असायची, आणि ती दिसल्याशिवाय माणूस खरोखर गेला यावर निम्म्या लोकांचा विश्वास बसत नसे. या नियमाला उभ्या हयातीत एकच अपवाद झाला, आणि तो तिच्या पोटच्या पोराचा. तो अपवाद आम्ही घरच्यांनी घडवून आणला. त्याबद्दल सांगायचंच आहे, पण आधी आजी सांगायला हवी. ती बाई काय होती ते समजल्याशिवाय आम्ही काय करून बसलो ते समजणार नाही.

मार्केट यार्डाच्या मागे काकाचं स्लॅबचं घर, पुढच्या अंगाला खताचं दुकान आणि मधल्या पडवीत आजीची प्लॅस्टिकची खुर्ची. या खुर्चीत बसून ती अख्ख्या तालुक्यावर लक्ष ठेवायची. सकाळी पेपर आला की भिंग घेऊन ती थेट आतलं निधनवार्तांचं पान काढी. पहिल्या पानाशी तिला कर्तव्य नव्हतं. कितीक मंत्रिमंडळं आली आणि गेली, आजीला त्यांचा पत्ता नव्हता. पण बोधेगावच्या कुठल्या भावकीत कोण सुतकात आहे ते तिला तोंडपाठ. पेपर तरी उशिराच म्हणायचा. ती रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या पाठीकडे बघून सांगायची. एकदा चहा पिता पिता म्हणाली, "त्यो किराणावाला बघ. दुकान उघडं टाकून, डोक्यावर टोपी न्हाई, आन् गाडी ढकलत चाललाय. त्याची आई गेली." काका खेकसला, "चांगलं बोलत जा की जरा." तासाभरात निरोप आला. तोवर आजीचं पीठ मळून झालं होतं.

मातीला जायचं तिचं एक वेगळं लुगडं होतं, विटक्या हिरव्या रंगाचं. ते खिळ्याला टांगलेलं असे. ते खिळ्यावरून उतरलं की गल्लीतल्या बायका आपापल्या उंबऱ्यातून विचारत, "जिजी, कोन वो?" आजी चालता चालता नाव सांगे, आजार सांगे, मागे किती लेकरं आहेत ते सांगे आणि वळणावरून दिसेनाशी होई. साठीतल्या बायका मागे राहत आणि ऐंशीच्या पुढची ही म्हातारी तुरुतुरु पुढे. एरवी देवळापर्यंत जायचं म्हटलं तरी तिचे गुडघे धरत.

आमच्याकडे माती झाली की त्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी करून आणतात आणि घरच्यांना बळेच दोन घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणायचं. या खात्याची आजी सर्वेसर्वा होती. पिठलं घट्ट हवं, तिखट बेताचं, भाकरी जाड नको आणि सोबत दुसरं काही म्हणजे काही नको. एका नवीन आलेल्या शिक्षिकेने बिचारीने चांगल्या मनाने डब्यात पापड आणि लिंबाचं लोणचं घातलं होतं. आजीने झाकण उघडून बघितलं, परत लावलं आणि विचारलं, "बाई, लगीन हाय का हितं?" शिक्षिका त्यानंतर कुणाच्या मयतीला गेली नाही असं ऐकते.

मयतीच्या घरात आजी रडत नसे. तिचं म्हणणं असं, की रडायला माणसं पुष्कळ आहेत, भाकरीकडे बघायला कुणी नाही. ती सरळ आत जाई, लहान पोरं कुठे आहेत ते शोधून त्यांना आधी खायला घाली, मग ज्याचं माणूस गेलं त्याच्यासमोर ताटली घेऊन बसे. एका कापडवाल्या म्हाताऱ्याची बायको गेली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसला तो दुसऱ्या दिवशीपर्यंत. मुलगे झाले, जावई झाले, डॉक्टर झाला, कुणाचं ऐकेना. आजी त्याच्यापुढे बसली आणि म्हणाली, "मालक, बाईनं जन्मभर तुम्हाला वाढून मग खाल्लं. आज तुमी खाल्ल्याबिगर ती म्होरं कशी जाईल? बाहेर ऊन लई हाय. तिला उगं उभं करू नका." म्हाताऱ्याने तोंड उघडलं. मी तेव्हा कॉलेजात होते, सुट्टीला आले होते आणि भाकऱ्यांचं टोपलं धरायला तिच्याबरोबर गेले होते. माझ्याच डोळ्यांना धार लागली, तर आजी मला म्हणते, "पानी आन तांब्याभर. रडतीस काय?"

चुका तिच्याही होत. एकदा निवृत्त कंपाउंडर गेल्याची बातमी आली आणि ही टोपलं घेऊन त्यांच्या दारात. दार स्वतः कंपाउंडरांनी उघडलं. गेले होते ते त्यांच्या नावाचे दुसरेच गृहस्थ, तिकडे पाथर्डीच्या बाजूचे. दुसरी कुणी बाई असती तर जागच्या जागी विरघळली असती. आजीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि टोपलं पुढे केलं. "म्हटलं, जित्येपनी खाऊन घ्या. मेल्यावर सगळं लोकांनाच खावं लागतं." कंपाउंडरांनी ते पिठलं ओट्यावर बसून चाटूनपुसून खाल्लं आणि तिखट कमी असल्याची तक्रारही केली.

तर अशा या बाईचा थोरला मुलगा म्हणजे माझे वडील, अण्णा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन ते पुण्यात आमच्याबरोबर राहत. दर पंधरा दिवसांनी एसटीने शेवगावला जायचे, आईच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची टाकून दोन दिवस गप्प बसायचे आणि परत यायचे. एवढ्यावर दोघांचंही भागत असे. गेल्या माघात अण्णा आजारी पडले आणि आठ दिवसांत गेले.

त्याच्या दोन महिने आधी आजीच्या छातीत दुखलं होतं. नगरला नेऊन आणली होती. डॉक्टरांनी काकाला बजावलं होतं, की धक्का बसेल असं काही यांच्या कानावर घालू नका. अण्णा दवाखान्यात आहेत हेही त्यामुळे तिला सांगितलं नव्हतं. अण्णा गेल्यावर पुण्यातल्या त्या दवाखान्याच्या जिन्यात आम्ही चौघं उभे राहिलो: आई, काका, जर्मनीहून धावत आलेला माझा भाऊ आणि मी. आणि चौघांनी मिळून ठरवलं, की आजीला कळवायचं नाही. ज्या म्हातारीने आयुष्यभर गावाची मरणं निस्तरली तिला मरण सोसणार नाही, असं आम्हाला वाटलं. मला आज त्या चौघांची लाज वाटते, आणि त्यांतली एक मी होते म्हणून जास्तच वाटते.

आजीला सांगायचं काय, तर अण्णा आणि आई भावाकडे जर्मनीला गेलेत. आईलाही पाठवणं भाग होतं, कारण तिचं मोकळं कपाळ आजीला दिसून चालणार नव्हतं. खरं म्हणजे आई पुण्यात खोलीचं दार लावून बसली होती. सासूच्या गळ्यात पडून रडायची तिचीही सोय आम्ही काढून घेतली. दहावा पैठणला केला. शेवगावहून पैठण तासाभराच्या वाटेवर. निम्मं गाव जीपगाड्या भरभरून गेलं, आणि त्यातल्या बहुतेक गाड्या आजीच्या पडवीसमोरून गेल्या.

मग सुरू झाला तो प्रकार एखाद्या तिसऱ्या माणसाने बघितला असता तर पोट धरून हसला असता. दहाव्याला काकाने धाकटा भाऊ म्हणून डोकं आणि मिशा उतरवल्या होत्या. पंचवीस वर्षांची ती मिशी. घरी जायचं कसं? तर तिरुपतीचा नवस फेडला म्हणून सांगायचं ठरलं, आणि पुरावा म्हणून काकाने नगरच्या स्टँडसमोरून अर्धा किलो बुंदीचे लाडू घेतले. आजीने लाडू फोडला, वास घेतला, खाली ठेवला. "बालाजीच्या आन् नगरच्या स्टँडवरच्या लाडवाची कढई एकच दिसती," एवढंच म्हणाली. पेपरात अण्णांची बातमी फोटोसह आली, ती काकूने सकाळीच कात्रीने चौकोनी कापून काढली. आजीने त्या भोकातून काकूकडे बघितलं. काकू म्हणाली, "कूपन होतं. बक्षीस योजनेचं." आजी म्हणाली, "बरं. लागू दे बाई बक्षीस." आणि पान घडी करून ठेवून दिलं.

देखरेखीसाठी मला तिसऱ्याच दिवशी लॅपटॉप देऊन शेवगावला धाडण्यात आलं होतं, कारण लहानपणापासून घरात सगळ्यांत सफाईने खोटं बोलणारी मीच. आजी म्हणे, "अण्णाला फोन लाव." मी म्हणे, "तिकडे आता रात्र आहे." सकाळी लाव म्हटलं तरी रात्र, दुपारी म्हटलं तरी रात्र. तीन आठवडे मी जर्मनीत सूर्य उगवू दिला नाही. "लईच अंधारा मुलूख दिसतोय," आजी म्हणायची. मग तिथल्या भाकरीची चौकशी करायची, थंडीची करायची, अण्णाने कानटोपी नेलीय का विचारायची. मी एकेक गोष्ट रचून सांगायची. अण्णा रोज बागेत फिरायला जातात, तिथे तळं आहे, तळ्यात बदकं आहेत. ती डोळे मिटून ऐकायची आणि मला वाटायचं, पटलं हिला.

दोन गोष्टी मला तेव्हाच दिसायला हव्या होत्या. एक म्हणजे, ज्या पडवीत दिवसाकाठी दहा बायका टेकून जात, तिथे दोन आठवडे एकही बाई फिरकली नाही. समोर गेलो आणि रडू फुटलं तर काय, या भीतीने सगळा गाव आमच्या दारावरून खाली मान घालून जात होता. आणि दुसरं, आजी देव्हाऱ्यात दिवा लावायचं विसरायला लागली. सकाळ-संध्याकाळ न चुकता दिवा लावणारी बाई, आणि मी म्हटलं, वय झालं. गुडघे दुखतात म्हणून ती त्या दिवसांत कुणाच्या मयतीलाही गेली नाही. तेरावा दिवस उलटला आणि चौदाव्याला सकाळी दिवा लागलेला दिसला. मी काकूला म्हटलं, "बघ, आज आठवलं आजीला." ती एकटी त्या घरात पोराचं सुतक पाळत होती, आणि आम्ही तिला विसराळू म्हणत होतो.

पाडवा आला. ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलेलं असतं त्या घरावर आमच्याकडे गुढी उभारत नाहीत. काकू कळवळून म्हणाली, "अहो, दुखवट्याच्या घरावर गुढी? लोक तोंडात शेण घालतील." काका म्हणाला, "न्हाई उभारली तर तिला कळंल." आणि उभारली. नवी साडी, साखरेची माळ, कडुलिंबाचा डहाळा, सगळं व्यवस्थित. समोरची बाई सडा टाकत होती, तिने गुढी बघितली आणि सडा अर्धा टाकून ती आत गेली. पैठणला आमच्याबरोबर रडलेली माणसं रस्त्याने जाता-येता वर बघत आणि पटकन मान खाली घालत. काका दारात उभा राहून दिसेल त्याला हात जोडत होता. सणाचा नमस्कार होता की माफीचा, त्याचं त्यालाच ठाऊक.

आजी पडवीत आली. तिने गुढी खालपासून वरपर्यंत पाहिली. हळदकुंकू वाहिलं नाही. "सरळ हाय," म्हणाली आणि आत गेली. पानात पुरणपोळी वाढली तर म्हणाली, पुरण सोसत नाही आता, दूधभात दे. तिच्या वाटणीची पोळी गल्लीतल्या गाईला गेली. गुढी उतरवायची सूर्य मावळायच्या सुमारास. दुपारी तीनला, भर उन्हात, तिने काकाला हाक मारली. "उतरव आता. दिसली सगळ्यांला."

काकाने शिडी लावली. मी खाली उभी राहून काठी धरली होती आणि त्या क्षणी मला सगळं समजलं: दिवा, लाडू, कूपन, बदकं. तिला पहिल्यापासून माहीत होतं. आम्हाला तिची काळजी वाटते म्हणून ती आमच्यासाठी अजाण बनून बसली होती. तिला तिच्या लेकासाठी रडायचं होतं आणि आमच्या घरात त्याला जागा नव्हती. तिथेच तिच्या कमरेला मिठी मारून सांगायला हवं होतं, की आजी, अण्णा गेले. काका सांगेल म्हणून मी थांबले, मी सांगेन म्हणून काका थांबला, आणि काकूने चहा टाकला.

पाडव्यानंतर पंधरा दिवसांनी सकाळी आजीने खिळ्यावरचं लुगडं उतरवलं. भाजी बाजाराच्या मागच्या गल्लीतला एक म्हातारा शिंपी गेला होता. आमची त्यांची फारशी ओळखही नव्हती. कधीतरी तिची चोळी त्यांनी शिवली असेल तेवढीच. "चल पोरी, सोबतीला," ती म्हणाली. काकूने पिठलं केलं, भाकऱ्या थापून दिल्या, आणि टोपलं माझ्या हातात देऊन आजी रिक्षात बसली.

त्या घरात माती होऊन माणसं परतली होती. बायका भिंतीशी बसल्या होत्या. मी वाट बघत होते, की आता आजी आत जाईल, पोरांची विचारपूस करील, ताटल्या मागेल. ती गेली नाही. ती बायकांच्या रांगेत खाली बसली, पदर तोंडाला लावला आणि तिच्या घशातून जो आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता. "आधी म्या जायाचं हुतं रं! कुठं गेलास माज्या लेकरा, आईला न सांगता!" गेलेला शिंपी वयाने तिच्याहून मोठा. त्याला लेकरू म्हणून ती छाती बडवत होती, आणि त्या खोलीत एकाही बाईने शेजारणीकडे नजर टाकली नाही. सगळ्यांना माहीत होतं ती कुणासाठी रडतेय. सगळ्या तिच्याबरोबर रडल्या. स्वतःचं माणूस गेलेलं ते घर अर्धा तास माझ्या बापासाठी रडलं, आणि मी भाकऱ्यांचं टोपलं छातीशी धरून दाराच्या चौकटीत उभी होते.

मग त्या शिंप्याची सून उठली. तिने माझ्या हातातलं टोपलं घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि आजीच्या तोंडाशी नेला. "जिजी, घ्या." आजीने मान फिरवली. "घ्या जिजी. दोन महिने झाले," ती पोर म्हणाली. आजीने घास घेतला. चावायला तिला फार वेळ लागला.

येताना रिक्षात ती माझा हात धरून बसली होती. स्टँडच्या चौकात उसाच्या ट्रॅक्टरने रस्ता अडवला होता आणि रिक्षावाला हॉर्न वाजवून दमला होता. आजी समोर बघत म्हणाली, "शुद्धीत हुता का त्यो?"

मी म्हटलं, "होते, आजी."

"काय मागितलं का त्यानं?"

माझ्याकडे जर्मनी नव्हती, बदकं नव्हती, काही तयार नव्हतं. मी म्हटलं, "पाणी मागितलं."

"दिलं का लगेच?"

"लगेच दिलं."

"मग बरं झालं," ती म्हणाली. ट्रॅक्टर हलला. घर येईपर्यंत तिने आणखी काही विचारलं नाही, आणि नंतरही कधी नाही. घरी आल्यावर तिने काकाला जवळ बसवून त्याच्या नव्याने फुटलेल्या मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तिला पुन्यातनं घिऊन ये. एकटी काय करती तिथं." दुसऱ्या दिवशी आई आली. दोघी दार लावून आत बसल्या. आम्ही बाहेर थांबलो.

श्रावणात आजी गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. कडू घासाला गावातून इतक्या भाकऱ्या आल्या, की ठेवायला जागा पुरेना. मी चार घरच्या चार खाल्ल्या. सगळे म्हणाले, म्हातारीचं सोनं झालं, काही मनात राहिलं नाही तिच्या. मीही मान हलवली.

पण अण्णांनी पाणी मागितलं नव्हतं. शेवटचे दोन दिवस ते एकच म्हणत होते, आईला आणा. शेवगावहून पुणं गाडीने साडेचार तास. आम्ही चौघं शिकलीसवरलेली माणसं तिच्या तब्येतीचा विचार करत बसलो.